फुली

त्या एप्रिलात आलेंतेजूतल्या आमच्या शाळेत
पोरांची बाकं भिंतीला लावून
मी मतदारयादी घेऊन बसले होते.
साठी ओलांडलेल्या बायकासुद्धा पहिल्यांदाच आल्या होत्या,
ठेवणीतल्या शाली पांघरून,
लग्नाला आल्यासारख्या.

अकराच्या सुमारास बेल्मिरू आला,
आदेरितूच्या खांद्यावर हात ठेवून.
दोघं एकाच बोटीने गिनीच्या लढाईवर गेलेले,
एकाच डबक्याचं पाणी कापडातून गाळून प्यालेले.
सुरुंग फुटला तेव्हा बेल्मिरू पुढे होता,
आदेरितू दोन पावलं मागे.
फरक तेवढाच, असं मला वाटायचं.

आदेरितू परतला तो जमीनदाराच्या फाटकावर
लाल रंगाने लिहायला लागला:
तिकडे धाडणारे आणि इथे उपाशी ठेवणारे
एकच.
बेल्मिरू म्हणायचा, मग माझे डोळे कशात गेले?
चुकीत?
चूक म्हणायला तुला सोपं आहे,
तुला ती दिसते.

गुत्त्यात यावरून खुर्च्या उडाल्या.
सहा महिने अबोला.
त्या अबोल्यातही आदेरितू रोज सकाळी
त्याची दाढी करून द्यायचा.
वस्तरा गळ्यावर, आणि दोघांच्याही तोंडून शब्द नाही.

मी नियम वाचून दाखवला:
अंध मतदाराने आपला सोबती स्वतः निवडायचा.
झुल्मीरा, त्याची आई, पुढे झाली.
तो म्हणाला, "आई, तू नको.
तू माझ्या भल्याचं करशील.
हा मी सांगेन ते करेल."

पडद्याखाली बुटांचे दोन जोड.
कुजबुज. मग बराच वेळ काहीच नाही.
रांगेत कुणीतरी खोकलं.
आदेरितू बाहेर आला तेव्हा कॉलर घामाने भिजलेली,
जणू छातीभर पाण्यातून,
बंदूक डोक्यावर धरून,
नदी ओलांडून आलाय.
मग स्वतःचं मत द्यायला पुन्हा आत गेला.
त्याला क्षणभरही लागला नाही.

रात्री मोजणी.
चारशे बारा चिठ्ठ्या,
बहुतेक सगळ्या डावीकडे, गावाला ठाऊक होतं तसंच.
बेल्मिरूच्या पक्षाला एक.

ती मी जरा जास्तच वेळ हातात धरली.
फुली इतकी दाबून काढलेली
की कागद फाटता फाटता राहिला होता.
मागून बोट फिरवलं तर लागत होती,
डोळ्यांवाचूनही वाचता येईल
अशी.