आर

पगारपत्रकावर माझं पद लिहिलंय : व्रणोपचारक.
तीस वर्षांत एकाही गाडीवानाच्या जिभेवर ते बसलं नाही.
‘मलमवाला आला’ म्हणतात,
आणि तेच खरं आहे.

माजलगावच्या अलीकडे, कारखान्याचं मैदान.
डिसेंबर. रात्रीचे दोन. नंबर लागलेला नाही.
चारशे गाड्या, आठशे बैल,
आणि मळीचा तो गोडूस कुजका वास,
जो सदऱ्यातून मार्चपर्यंत जात नाही.
आत ऊस पडतो त्या जागेला गव्हाण म्हणतात.
लोखंडी. दिवसरात्र चावणारी.
इकडे बैलांपुढे वाढं, तेही अर्धं पायाखालचं.
हा शब्द त्या यंत्राला कोणी दिला
त्या माणसाला मी अजून शोधतोय.

बॅटरी घेऊन फिरतो.
आधी खांदा बघतो. खांदा आलेला असला की
बैल उजेडाकडे मान वळवत नाही.
मग मागे जातो, शेपटीच्या बुडाशी,
मांडीच्या आतल्या अंगाला,
जिथे माणूस सहसा बघत नाही,
तिथे टिकल्या :
तांबड्या, काळ्या, काही पिवळ्या पडलेल्या.
प्रत्येक टिकलीमागे एक चढ आहे.

माझा नियम साधा. मलम फुकट, पट्टी फुकट,
पण पराणीची आर काढून माझ्या डब्यात टाकायची.
बिस्किटाचा डबा आहे, वर एक गोरं बाळ हसतंय.
हलवला की वाजतो.

लिंबाजी आघाव म्हणाला, “आन् चढाला?
दोन टन माल, टायरात हवा न्हाई,
मागून ट्रॅक्टरवाला हारन मारतोय.
बैल बसला तर काय हात जोडू त्याला?”
मला उत्तर नव्हतं.
कायद्याचं कलम पाठ आहे,
पण ते जुवाला लावता येत नाही.
मी मलम चोळत राहिलो.
बैलाची कातडी थरथरत होती,
माशी नसताना.

तेव्हा गाडीखालून सुदामती उठली.
तळहाताला चिंध्या, कोयत्यानं फुटल्या जागी हळद.
पराणी घेतली, टोक दाढेत धरून आर उपटली
आणि थुंकली माझ्या डब्यात.
“खांदेमळणीला लोणी लावतो आपुन,” ती नवऱ्याला म्हणाली,
“आवतण देतो, जेवाया ये म्हणतो.
जेवाया बोलावल्याला कुणी टोचतं व्हय?”

(मीही टोचलंय. सांगून टाकतो.
नऊ वर्षांचा होतो, वडिलांच्या गाडीवर,
काय होतं ते नुसतं बघायला.
काहीच झालं नाही. आमचा चांद्या हंबरला नाही.
शेपूट आत घेतली आणि थोडा भरभर चालला.
ते भरभर चालणं मला अजून ऐकू येतं.)

पंधरा दिवसांनी लिंबाजी पुन्हा दिसला,
वजनकाट्याच्या रांगेत.
नवी आर ठोकली असणार, मला वाटलं.
पराणी मागितली. टोकावर अंगठा फिरवला.
नुसतं लाकूड.
“मोळ्या कमी भरल्या,” तो रागानंच बोलला.
“चढ लागला की दोघं उतरतो, मागून ढकलतो.
बैलाचं भागलं. आमचं कंबरडं गेलं.”
आणि पावती पुढे केली, दोन क्विंटल कमी.
“ही बी टाका डब्यात. ही बी आरच हाय,
मला टोचती.”

टाकली. अजून आहे तिथे, गंजाचे डाग घेऊन.
डबा आता पहिल्यासारखा वाजत नाही,
कागद मधे येतो.

त्या रात्री त्याच्या बैलानं
बॅटरीच्या उजेडाकडे मान वळवली.
माझ्याकडे नसेल बघितलं त्यानं.
माझ्यामागे वाढं पडलेलं होतं.