भाग सहाशे तेरा

तांबट आळीत दुसऱ्या मजल्यावर
रिझवान पिंजारीनं भिंतींना गाद्या ठोकल्यात,
बापाच्या दुकानातल्या, न खपलेल्या.
पंखा बंद. फ्रीज बंद. मे महिना.
मी हेडफोन चढवते आणि
चीनमधल्या कुठल्याशा मिठागरांच्या नदीवर
लियाओ नावाड्याला पुन्हा उभं करते.

मिनिटाला नऊ रुपये.
मध्येच श्वास घेतला तर रिझवान तो कापतो,
श्वासाचे पैसे नाहीत.

लियाओ मेलेल्यांना पैलतीरी नेतो,
भाडं चिमूटभर मीठ.
एवढंच होतं म्हणे आधी.
चहाच्या दुकानात एक म्हातारा
टेबलावर लाकडी ठोकळा आपटून
तिथल्या बोलीत तिथल्याच हमालांना सांगायचा,
आणि होडी बुडता बुडता थांबून
वाडगा फिरवायचा.
मग कुणा पोरानं रात्रपाळीत ते मोबाइलवर लिहिलं,
रोज दोन हजार अक्षरं,
पुढं काय झालं ते पैसे भरल्यावर.
मग चित्रं निघाली.
मग उभ्या पडद्यावरच्या दीड-दीड मिनिटांच्या फिती,
त्यांत नावाडी एकदम देखणा झाला
आणि दर तिसऱ्या भागात कुणीतरी कुणाच्या थोबाडीत मारू लागलं.
मग इंग्रजी. मग हिंदी.
मग माझ्याकडे, नव्वद पानांची फाइल,
वर सूचना: नावे बदलू नयेत. मराठी प्रमाण असावी.

भाग सहाशे तेरा. धुकं.
होडीत एक लहान मुलगी चढते.
लियाओ तिला काहीतरी विचारतो,
आणि हिंदीत तिथं नुसती चौकट:
बोलीतला विनोद, अनुवाद शक्य नाही.
सहाशे बारा भाग जो माणूस हसला नाही
तो इथं एका मेलेल्या पोरीला हसवतोय
आणि कसं, ते मलाच ठाऊक नाही.
इंग्रजीतही चौकटच.
रिझवाननं मूळ अक्षरं शोधून फोनपुढं धरली.
फोन म्हणाला, कुठे मीठ आजी.

तेवढ्यात खाली दगूनानांनी हंड्याला हातोडी घातली.
ठण्. ठण्.
चारपर्यंत ते थांबत नाहीत,
आणि त्यांना सांगायलाही कुणी जात नाही;
आमच्या धंद्याच्या आधीचा आवाज तो.
आम्ही गाद्यांमध्ये घामाघूम,
चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो.

मला सटाण्याची मावशी आठवली.
दिसले की लांबूनच ओरडायची,
कथा जाई ऱ्हायनी व, पोर?
अहिराणीत कथा म्हणजे कुठे.
नाशकातल्या शाळेची मी,
मला वाटायचं ती गोष्टीचंच विचारतेय,
म्हणून तिथंच ओट्यावर बसून
मी तिला गोष्ट सांगायला लागायचे.
तिनं कधी चूक दुरुस्त केली नाही.
भाकरी करपेपर्यंत ऐकायची.

चार वाजले. हातोडी थांबली.
लियाओनं वल्हं उचललं, वाकला, आणि म्हणाला,
कथा जाई ऱ्हायनी व, पोर?

रिझवाननं मान वर केली. हे प्रमाण नाही.
मग पुन्हा ऐकलं.
पुन्हा एकदा.
वाक्याच्या आधीचा माझा श्वास
त्यानं तसाच ठेवला.

कंपनीचं पत्र आठवड्यानं आलं, वाक्य काढावे.
तोवर होडी गेली होती.

आज जुन्या सीबीएसवर सटाण्याच्या गाडीपाशी
एक पोरगा टपावर कोथिंबिरीच्या जुड्या फेकत होता,
एका कानात बोंडूक.
पायरीवर अडखळलेल्या म्हातारीला हात देत म्हणाला,
कथा जाई ऱ्हायनी व, माय?
म्हातारी बोळक्यानं हसली.
त्याला ते घरातून मिळालं की माझ्याकडून,
की चहाच्या दुकानातल्या त्या म्हाताऱ्याकडून,
विचारावंसं वाटलं.
पण गाडी सुटायला आली होती
आणि कंडक्टर दारातून सगळ्यांना सांगत होता,
सुट्टे काढून ठेवा.