उजवीकडे, खाली

व्याख्यान सहाचं. मी चारलाच
साठ खुर्च्या मांडल्या.
मंडपवाल्या गुलाबनं सत्तर पाठवलेल्या,
दहा भिंतीशी थप्पी करून ठेवल्या,
गर्दी वाढली तर.

गर्दी वाढत नाही.
चोपड्यात, मे महिन्यात, तापल्या पत्र्याखाली
चित्राबद्दल ऐकायला कोण येणार?
अकरा जण आले. त्यातले दोन कूलरसाठी.
एक गृहस्थ पतपेढीची सभा समजून आले,
चहाची किटली बघून बसले.

हे आधी जिनिंगचं गोदाम.
आढ्याला अजून कापसाचे पुंजके अडकलेत,
कूलर लावला की एखादा सुटतो,
कुणाच्या तरी डोक्यावर उतरतो.
गाठी रचायचे त्या भिंतींवर आता चित्रं.
अकरा वर्षं मी कुलूप उघडतो,
दिवे लावतो, हात लावू नका म्हणतो.

बडोद्याच्या केतकी हर्डीकर मॅडम आलेल्या.
विषय : चित्रातली रिकामी जागा.
माईक खरखरला. मी वायर दाबून धरली,
सोडली की आवाज जायचा,
म्हणून उभा राहिलो तसाच
आणि सगळं ऐकावं लागलं.

सातपुड्याच्या चित्रापाशी त्या थांबल्या.
'उजवीकडे खाली बघा,' म्हणाल्या,
'एवढ्या करड्या, दाट रानात
चित्रकारानं एकच पांढरा ठिपका ठेवलाय,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
इथे कुणीतरी होतं. आता नाही.
ते नसणं त्यानं रंगवलंय.'

वायर सुटली हातातून.

तो चुना आहे.
दिवाळीआधीची रंगसफेदी,
सिकंदर तडवी शिडीवर, मी खाली शिडी धरून.
तो वरून सासऱ्याची नक्कल करत होता,
मी हसलो, शिडी हलली, थेंब उडाला.
चित्रावर पोतं टाकलेलं, तेवढा कोपरा उघडा.
'पुसू?'
'नको, खालचा रंग निघेल.
राहू दे. रानात बकरू चुकलंय म्हणतील.'
आठ दिवस आम्ही साहेबांच्या नजरेला नजर दिली नाही.
साहेबांना काही दिसलंच नाही.

पुढच्या वर्षी सिकंदर सुरतला गेला,
साड्यांच्या छपाईला.
रमजानला फोन यायचा.
मग नंबर लागेना.

'कुणाला प्रश्न?' मॅडमनी विचारलं.
पतपेढीवाल्यांनी चित्राची किंमत विचारली.
माझा हात अर्ध्यावर आला होता.
मॅडम माझ्याकडे बघून थांबल्या.
'चहा आहे,' मी म्हणालो.

रात्री कुलूप लावण्याआधी
टॉर्च घेऊन त्या कोपऱ्यापाशी गेलो.
चुनाच होता.
पण बाई खोटं बोलल्या असं
मला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मुलांची कार्यशाळा.
जुने पेपर अंथरले, घरून वाट्या आणल्या पाण्याला.
तेवीस मुलं, सगळ्यांनी सातपुडा केला :
कुणाचा निळा, कुणाचा वांग्याच्या रंगाचा,
एकाचा तर थेट शिवमंदिर झाला.
तापीकाठची योगिता कोळी चित्रासमोर मांडी घालून,
जीभ दातांत धरून.
पांढऱ्याची ट्यूब संपलेली.
तिनं काय केलं,
सगळं रान भरत आणलं
आणि खाली उजवीकडे
तेवढा कागद कोरा ठेवला.

'काका, हाई काय शे?'
'माणूस शे.'
'कथा गया?'
'सुरतले.'
तिनं मान हलवली, जणू तिच्याही घरचं कुणी तिथेच,
आणि ब्रश वाटीत बुचकळला.
पाणी रानाच्या रंगाचं झालं.

संध्याकाळी गुलाब टेम्पो घेऊन आला.
खुर्च्या मोजल्या, एकोणसत्तर भरल्या.
'एक कमी शे, भाऊ.'
पुन्हा मोज, म्हणालो.