हंगामाची खतावणी

चौदा सामने. दोन जिंकले.
त्यातला एक, समोरच्या संघाची गाडी
कासेगावात बंद पडली म्हणून.
तोही मी लिहिला. लिहायचा असतो.

मी हळदीच्या अडतीवर कारकून, सांगलीत.
दिवसभर पोती, तोलाई, हमाली,
आणि संध्याकाळी त्याच पेनानं
कोण किती वेळ पळाला ते.
मगदूम, एक मिनिट चाळीस.
आवटी, पन्नास सेकंद, खांबावर सापडला.
इम्तियाज जमादार, वय सतरा, बारा सेकंद.
बारा सेकंदांत आमच्या शेठजींची
एक शिंकसुद्धा पुरी होत नाही.

शेठजींनीच दिवाळीत हा खो-खोचा संघ घेतला.
जर्सीवर हळकुंडं छापली,
रंग इतका कच्चा की घाम आला
की पोरं मानेपर्यंत पिवळी,
एकाच मांडवात नऊ नवरदेव
आणि नवरीचा पत्ता नाही.
शेठजींचं आपलं, पी हळद नि हो गोरी.
हारगे सर म्हणाले, नऊ महिने लागतात.
हळदीलापण.

मग बारामती. मग इचलकरंजी.
फलटणला तर एक डाव अकरा गुणांनी.
पेव फुटणं म्हणतात ते हेच असावं.
खरी पेवं माझ्या ओळखीची आहेत, हरिपूरची,
पोटात वर्षानुवर्षं हळद सांभाळणारी.
तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं,
आतली हवा माणूस मारते.
आधी कंदील सोडायचा दोरीनं,
विझला नाही तर पाय टाकायचा.
हरल्यावर आमची गाडी तशी असते.
कराडपर्यंत कुणी बोलत नाही.
कराडला एक जण म्हणतो, च्या घ्यायचा का?
आणि सगळे त्याच्या तोंडाकडं बघतात.

जानेवारीत पगार थांबले.
वही माझ्याकडं, म्हणून मला आधी कळलं.
नावं ओळीनं, रकमेची जागा कोरी,
खाली शेठजींची सही मात्र ठसठशीत.
मगदूम गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता.
मी काही सांगायच्या आत म्हणाला,
काका, फलटणचं माझं दोन मिनिटं पाच आहे,
तुमी दोन लिवलंय.
मी पाच सेकंद वाढवून दिले.
तेवढंच माझ्या हातात होतं.

आठ जण पाटीत बसतात,
एकाचं तोंड इकडं, पुढच्याचं तिकडं,
पंजे रोवून, कान मागं ठेवून.
पायरीवर मीही तसाच बसतो, उकिडवा.
बायको म्हणते, या वयात मांड्या भरून येतील.
येतात.

शेवटचा सामना कराडला. शेठजींनी गाडी काढून घेतलेली,
एसटीनं गेलो, अर्धी पोरं उभी.
तक्त्यात आम्ही तळाला, हरलो जिंकलो सारखंच,
मैदानात चाळीस माणसं,
त्यातले सहा जण दव टाळायला मंडपात आलेले.
आणि जमादार आत गेला.
आता बाद होईल, आता होईल,
सूर मारणारा हात त्याच्या टाचेपाशी मातीत,
पुन्हा मातीत, पुन्हा,
पोरगं हसत होतं की धापा टाकत होतं कळेना,
आवटी बाहेरून ओरडत होता, नुसताच ओरडत होता, शब्द नव्हते.
मी घड्याळ लावायचंच विसरलो.
तीन मिनिटं दहा, हे नंतर
पंचांच्या कागदावरून उतरवून घेतलं.

दोन गुणांनी हरलो.

परतीला शेवटची गाडी. झोप लागली.
पाठीत दोन बोटं बसली, जोरात,
आणि जमादारचा आवाज, खो!
काका, सांगली आली.
मी ताडकन उठलो, दाराकडं धावलो,
पोरं हसली, त्यांच्यामागोमाग उतरलो.
डबा सीटखालीच राहिला.
कंडक्टर म्हणाला, जावा की, घेऊन या.
म्हटलं, नाही.
एकदा दिशा धरली की मागं फिरता येत नाही.
फाऊल देतात.