दोन रकाने

ब्रँडनच्या बाहेर, जिथे डांबर संपून वाळू लागते,
तिथे विनिफ्रेड थर्टलबाईंची चाकाची खुर्ची रुतते.
"इथंच थांबू," त्या म्हणतात, जणू ठरवूनच आलो होतो.
मी ब्रेक लावते.
समोर रानगाजर फुललंय गुडघाभर,
क्रोशाच्या पांढऱ्या टोप्या उन्हात घातल्यासारखं.

दोन उन्हाळे माझ्या वहीत दोन रकाने होते.
एक गवती पिवळा, सडपातळ, डोकं नि मान काळी,
या फुलावरून त्या फुलावर, बूड म्हणून ठरत नाही.
दुसरा विटेसारखा लाल, मानेपर्यंत लाल, अंगानं थोराड,
पराग खायला बसला की पंगत उठली तरी उठत नाही.
मिशा दोघांच्याही लांब, काळ्या.
दोघांनाही मी 'तो' लिहिलं.
भुंगेरा म्हटला की 'तो',
आपल्या भाषेनं पुढे विचारायला जागाच ठेवली नव्हती.

आज बाईंनी गळ्यातलं भिंग
बुटाच्या नाडीसकट माझ्या हातात दिलं.
एकाच फुलावर माझे दोन्ही रकाने,
एक दुसऱ्याच्या पाठीवर.
मी म्हटलं, भांडतायत.
त्या इतक्या हसल्या की ठसका लागला,
मग पाणी, मग टिश्यू, मग परत हसू.
"अगं, नवरा-बायको आहेत ती!"

मग कापलेल्या पाइनच्या बुंध्यांकडे बोट:
"हे मी लावलेले. सतरा वर्षांची होते.
आम्हा मुलींना मजुरी कमी,
ओळ मात्र पुरुषांइतकीच लांब.
तोडले तेव्हा कुणी कळवलंसुद्धा नाही."

त्या बुंध्यांच्या पोटात
अळी वर्षानुवर्षं अंधार कुरतडते.
तिथे लाल नाही, पिवळा नाही,
नुसतं लाकूड आणि जबडा.
रंग मिळतो तो शेवटी,
चार-सहा आठवडे पुरेल इतका.

रात्रपाळीच्या टेबलावर मी वही उघडली.
मधली रेघ खोडायला गेले,
पण पेनची रेघ, खोडली की दोन होतात.
राहू दिली.
लाल रकान्यात तेवढी
'तो'वरची मात्रा वाकवून वेलांटी केली,
एकोणीस ठिकाणी.

अकरा नंबरची घंटा वाजली. थर्टलबाई.
"झोप येत नाही," म्हणाल्या,
"माझ्या बुटाची नाडी कुठंय?"