चार मिलिमीटरची चाळण

अ‍ॅक्रिंग्टनमध्ये, एकमेकांना खेटलेल्या घरांच्या उतरत्या रांगेत
दात पडल्यासारखी एक जागा.
सतरा नंबर.
पंधरा आणि एकोणीस उभी आहेत अजून.
एकोणिसाच्या भिंतीला सतराचा गुलाबी वॉलपेपर चिकटलेला,
त्याला पहिल्यांदाच ऊन लागतंय.

आधी गॅसचा स्फोट, पहाटे पावणेपाचला.
मग आग, दोन तास दहा मिनिटं.
क्रम लक्षात ठेवायचा असतो.
स्फोटाने जे दूर फेकलं ते आगीच्या हाती लागत नाही,
म्हणून समोरच्या घराच्या पन्हळीत मिळालेलं करंगळीचं पेर
पिवळट, ओलसर,
आणि जिन्याखालची मांडी खडूसारखी वाजते.

गुडघे टेकून मी रंग वाचत जाते.
पिवळा, तपकिरी, काळा, मग निळसर राखाडी,
आणि पांढरा. पांढऱ्यात वाचण्यासारखं फार थोडं उरतं.
कॅलम, नवा शिकाऊ पोरगा, कवटीवरचा तडा दाखवतो:
मारलंय का कुणी?
थांब, म्हणते. घाव आधीचा असता
तर त्याच्या कडांनी काजळी प्यायली असती.
हा तडा आगीतच उमललाय.
'उमललाय'ला इंग्रजीत मी काय म्हटलं, आठवत नाही.

आमच्यात बायका सावडायला जात नसत.
तिसऱ्या दिवशी पुरुष निघायचे, दूध आणि मडकं घेऊन.
काय काय मिळतं तिथे, मी विचारलं होतं.
राख, दत्तूमामा म्हणाले, आणखी काय मिळणार?
खूप मिळतं, मामा.
दातांची मुळं मिळतात. कानाच्या आतलं दगडी हाड मिळतं.
तुमच्या मांडीतला स्क्रूसुद्धा मिळाला असणार,
कुणीतरी तो नदीत सोडला, नंबरासकट.

इथे गुडघ्याचा धातू निघाला.
दुपारी ब्लॅकबर्नच्या हॉस्पिटलने
नंबराच्या बदल्यात नाव परत दिलं:
नॉर्मन एन्टविसल, वय एक्याऐंशी, मागांचे फिटर.
छातीवर धुराडं कोसळलं, म्हणून छाती राहिली,
आणि श्वासनळीत काजळी.
म्हणजे काही श्वास त्यांनी आगीतले घेतले.
हे कुणी विचारलं तरच सांगायचं.

टेपच्या पलीकडे ग्लेनिस, त्यांची मुलगी,
कागदी कपातला चहा न पिता धरून.
हात असे वर का आहेत, बॉक्सरसारखे?
बाबा लढले का हो कुणाशी?
नाही. उष्णतेने स्नायू आखडतात,
वाकवणारे जास्त बळकट असतात. सगळ्यांचं असंच होतं.
अकरा वर्षं मी हेच वाक्य म्हणतेय.
बरोबर आहे ते.

पण आग मूठ वळते
आणि मग त्या मुठीच्या आत तिलाच शिरता येत नाही.
संध्याकाळी उजवा तळहात उघडला तेव्हा
आत निळं चामडं, कोरंच्या कोरं,
आणि एक पितळी कडी.

हातभर अंतरावरच्या बारीक बरगड्या
मी सकाळीच 'मानवी नव्हे' लिहून
वेगळ्या पिशवीत घातल्या होत्या.

आग मूठ वळते. मुठीत काय असावं,
ते ती ठरवत नाही.
रिपोर्टात मी लिहिलं: उजव्या हातात चामड्याचा तुकडा,
लांबी एकसष्ट मिलिमीटर.

कुत्र्याचं नाव सांगू का, ग्लेनिस विचारते.
फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.
सांगा, मी म्हणते.
पिकल.
मी पेन्सिलीने पिशवीच्या मागच्या बाजूला लिहिते, बारीक अक्षरात.

दिवे लागलेत. अजून सहा बादल्या चाळायच्या आहेत.
डावी करंगळी पुरी व्हायचीय.