अडीच इंचांचं भोक

मी कूलरवाला माणूस.
एकतीस उन्हाळे इतवारीत बसून
खस तोलली, जाळ्या शिवल्या,
पंपावरचा क्षार चिंचेच्या पाण्यानं काढला.
माझ्या घरी एसी लागेल असं कुणी म्हटलं असतं
तर टाकीतलंच पाणी पाजलं असतं त्याला.

पण प्रमिलाच्या छातीवर टाके होते,
नवतपा तोंडावर,
आणि डॉक्टर म्हणाले, दमट हवा नको.
दमट.
माझी आयुष्यभराची कमाई
त्यांनी तीन अक्षरांत गुंडाळून ठेवली.

यशोधरा गजभिये आली,
स्कूटीच्या पायदानावर व्हॅक्यूम पंप,
मागून सायकलवर शिडी घेऊन टिकाराम.
तिनं भिंतीवर पेन्सिलीनं गोल काढला.
"भोक बाहेरच्या अंगाला उतरतं धरा लागते काका,
नाही तं पाणी घरातच येते."
नऊ इंची भिंत, कामठीची वीट.
लाल भुकटी चादरीवर सांडत राहिली,
आणि आरपार झाल्यावर
आत पहिलं आलं ते ऊन,
रुपयाएवढं, थेट प्रमिलाच्या उशीवर.

मग दोन तांब्याच्या नळ्या.
एक करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढी,
दोघींना काळे पायमोजे.
"हवा कुठून नेता?"
"हवा नेतच नाही. घरातली घरात, बाहेरची बाहेर.
जाणं-येणं फक्त गॅसचं."
"मग थंडी कुठून येते?"
ती हसली. "थंडी काही येत नाही.
गरमी जाते."

आत येऊन गॅस उकळतो म्हणे,
आणि उकळायला लागणारा जाळ
आमच्याच खोलीतून उचलतो.
बाहेर कॉम्प्रेसर त्याला मुठीत आवळतो,
तो तापतो, पंख्यापुढे सगळं ओकतो,
पातळ होऊन मुकाट परत.
यातलं अर्धं मला ठाऊक होतं.
माझं पाणीही उडताना गरमी नेतच होतं की.
फक्त ते परत येत नसे,
उधारीच्या गिऱ्हाइकासारखं.

"हिवाळ्यात एक वॉल्व्ह फिरते,
मंग हीच मशीन उलटी चालते.
बाहेरची गरमी आत."
"आठ डिग्रीत गरमी कुठली, पोरी?"
"असते काका. वेचा लागते."

वीस मिनिटं पंप नळ्यांतली हवा ओढत होता.
टिकाराम ताक पीत बसला.
"ओलीचा कण राह्यला तरी मशीन आजारी पडते," ती म्हणाली.
मी काही बोललो नाही.
सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला,
बुडबुडा नाही.

त्या रात्री प्रमिलानं चादर मागितली.
मे महिन्यात. चादर.

बारा वाजता सवयीनं उठलो टाकी भरायला,
पाइप हातात घेतला, आणि आठवलं.
तसाच मागच्या गल्लीत गेलो.
बाहेरचं खोकं घुरघुरत होतं,
त्याच्यापुढे उभा राहिलो
तर तोंडावर भट्टी.
प्रमिलाचा श्वास, तिचा ताप,
संध्याकाळच्या वरणाची वाफ, बल्बची धग,
सगळं मोजून बाहेर काढलेलं.
आणि समोर चार फुटांवर
बोरकुट्यांची खिडकी.
त्यांचा हेमराज परीक्षेचं वाचत होता,
वहीची पानं आपोआप उलटत होती,
त्यानं एकावर पाणी पिण्याचा लोटा ठेवला होता.
माझ्याकडे बघून
त्यानं खिडकीचं एक दार लावलं.
दुसरं लावलं नाही.

सकाळी यशोधराला फोन केला. गच्चीवर चढव म्हटलं.
"चार मीटर नळी जास्त लागन काका, तांबं महाग झालं."
लागू दे.

आणि माझा कूलर,
अंगणात उलटा पडलेला, खस अजून हिरवट,
टिकारामच्या हातानं उचलून
बोरकुट्यांच्या खिडकीत बसवला.
हेमराजनं जाळीला नाक लावलं,
मग मागे सरकून टाकीत वाकून पाहिलं.
"याच्यात पाणी कोण भरन?"

पाइप माझ्या हातातच होता.